टेरेन पार्कसाठी स्की कशी निवडावी: पटाचा बैल आणि वखराचा बैल

तूर सोंगायचे दिवस होते. दिवसभर विळा चालवून बाजेवर पाठ टेकली, तोच पुतण्याचा दुबईहून फोन. "काका, मले स्की घ्याची हाये. उड्या मारायची, पार्कवाली. कोणती घेऊ?" बाजूला बसलेल्या वहिनींना वाटलं, पोरगा मोटारसायकल घेतोय. त्यांनी लगेच हेल्मेटचं विचारलं. गैरसमजातून का होईना, पहिला प्रश्न त्यांनीच बरोबर विचारला.

मी फौजेत असताना दोन हिवाळे गुलमर्गला स्की, म्हणजे पायाला बांधून बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, चालवायला शिकलो. आता घाटंजी तालुक्यात कापूस-तूर करतो, जिथे बर्फ फक्त लग्नातल्या सरबतात दिसतो. पुतण्या तिकडे हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे आणि सुटीच्या दिवशी 'स्की दुबई'त जातो. 2005 साली मॉलच्या आत उभा केलेला हा बर्फाचा उतार आहे. त्यातली सर्वांत लांब वाट 400 मीटरची, आणि उड्या-कसरतींसाठी वेगळी जागा. त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो.

टेरेन पार्क म्हणजे उतारावर मुद्दाम रचलेले बर्फाचे उंचवटे, घसरत जायला लोखंडी रेल, सपाट पेट्या, काही ठिकाणी अर्ध्या कापलेल्या नळासारखा हाफपाइप. 2014 च्या सोची ऑलिंपिकपासून स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे स्कीचे प्रकार ऑलिंपिकमध्ये आहेत. शंकरपटातला, म्हणजे शर्यतीतला, बैल कोणी वखराला जुंपत नाही. इथेही तसंच. गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फासाठी केलेली रुंद स्की रेलवर जड पडते, आणि पार्कची अरुंद स्की त्या भुसभुशीत बर्फात रुतते. म्हणून आधी ठरवा, तुमचे दहातले किती दिवस पार्कात जाणार. सहा-सातपेक्षा कमी असतील तर निव्वळ पार्कची स्की घेऊच नका. 95 मिलिमीटरच्या आसपास कंबर, म्हणजे पायाखालची रुंदी, असलेली सगळीकडे चालणारी घ्या.

दोन्ही टोकं वर हवीत

याला ट्विन टिप म्हणतात. पुढचं टोक तर सगळ्याच स्कींचं वळलेलं असतं. पार्कच्या स्कीचं मागचंही वळलेलं असतं, कारण उडी घेऊन माणूस उलटा उतरतो आणि उलटाच पुढे घसरत जातो. 1998 मध्ये सालोमनची 'टेनएटी' आली आणि ही रचना जगभर रुळली. तिचं नाव 1080 अंशांवरून, म्हणजे हवेतल्या तीन पूर्ण गिरक्यांवरून. मागचं टोक सपाट असलं की काय होतं ते मी अंगावर काढलंय. जवानीच्या जोशात सरळ स्कीवर एका छोट्या उंचवट्यावरून अर्धी गिरकी मारली, उलटा उतरलो, मागची टोकं बर्फात घुसली आणि मी पाठीवर. वरून हसणारे वेगळेच.

लांबी आणि रुंदी

स्की शेजारी उभी धरा. पार्कसाठी तिचं टोक तुमच्या नाकापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत कुठेतरी यावं. नवखे असाल, वजनाने हलके असाल किंवा मुख्यतः रेल करायच्या असतील तर नाकाकडे. मोठ्या उड्या आणि वेग हवा असेल तर डोक्याकडे. पुतण्या 168 सेंटिमीटर, वजन 62 किलो. त्याला 158 ते 163 मधली सांगितली. दोन मापांत अडकलात तर उंचीपेक्षा वजनाचं ऐका, कारण स्कीला तुमची उंची कळत नाही, तिच्यावर पडलेला भार कळतो.

पार्कसाठी कंबर 80 ते 92 मिलिमीटर पुरे. वळणाची त्रिज्या साधारण 15 ते 20 मीटर लिहिलेली असते. त्यात फार डोकं घालू नका.

वाकवून बघा

खरी निवड इथे आहे, आणि दुकानात लोक नेमकं हेच करत नाहीत. रंग आणि चित्र बघत बसतात. कावडीसाठी बांबू निवडताना आपण काय करतो? एक टोक जमिनीला टेकवतो, दुसरं हातात धरतो आणि मधे दाबतो. पार मऊ बांबू भाराने लोंबतो, पार कडक खांदा सोलतो. स्कीचंही तसंच करा. मागचं टोक जमिनीवर, पुढचं एका हातात, दुसऱ्या तळव्याने मधोमध दाब. मग नुसती टोकं वेगळी वाकवून बघा.

मऊ स्की रेलवर, पेटीवर आणि टोकावर तोल धरून गिरक्या घ्यायला सोपी. हलक्या चुका ती माफ करते. पण मोठ्या उडीवरून उतरताना ती पायाखाली दुमडते, वेगात थरथरते. कडक स्की उडी झेलते, हाफपाइपच्या भिंतीवर धरून राहते, पण नवख्याला ती वाकतच नाही. पहिल्या दोन हंगामांसाठी मध्यम घ्या, टोकांकडे किंचित मऊ.

आता दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि फट बघा. मधे फट दिसली तर तो कॅम्बर, धनुष्याची कमान. दाबून सोडली की उसळी देते, म्हणून उडी मारणाऱ्यांना आवडते. टोकांकडून लवकर फट पडत असेल तर तो रॉकर. त्याने टोकं बर्फात अडकत नाहीत. पायाखाली कॅम्बर आणि टोकांना थोडा रॉकर, हे मिश्रण सुरुवातीला सगळ्यांत सोयीचं.

आतलं लाकूड, बाजूची कड

आपल्याकडे बंडी करणारा सुतार लाकूड विचारूनच हात लावतो. तुम्हीही विचारा. पॉप्लर हलकं, अ‍ॅश किंवा मेपल जड पण मार झेलणारं. बऱ्याच स्कींत दोन्ही मिळून असतात. पोलादी कड जाडसर हवी, कारण रेलवर आपटून पातळ कड तडकते. तळ एक्सट्रूडेड (प्लास्टिक वितळवून काढलेला) असेल तर स्वस्त, हळू पण दुरुस्तीला सोपा, सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) असेल तर वेगवान पण मेण वारंवार मागणारा. रोज रेलवर घासणार असाल तर स्वस्त तळाची लाज बाळगू नका.

वखराची पास आपण लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार काढून घेतो. पार्कच्या स्कीला उलट करायचं असतं: रेलसाठी पायाखालच्या आणि टोकांजवळच्या कडा कानसेने थोड्या बोथट करतात, नाहीतर धातूत कड अडकते आणि तोंडावर आपटायला होतं. थोड्या, असं म्हणालो. सगळी कड घालवलीत तर कडक बर्फावर वळताच येणार नाही.

बूट आधी, बाइंडिंग जाणत्याकडून

पैसे तोकडे असतील तर स्की जुनी घ्या, बूट नवे आणि पायात घालून बघितलेले. माप सेंटिमीटरमध्ये असतं, टाच आत उचलली जाऊ नये.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, कुठे बसवायचं तेही दुकानात विचारतील. सामान्य स्कीवर ते मध्यापासून बरंच मागे असतं. पार्कात अगदी मधोमध किंवा 1 ते 3 सेंटिमीटर मागे, म्हणजे उलटं जातानाही स्की सारखीच वाटते. पुतण्याला 2 सेंटिमीटर मागे सांगितलं. बाइंडिंगच्या ब्रेकची, म्हणजे पायातून सुटलेली स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी स्कीच्या कमरेइतकी किंवा थोडी जास्त असावी. बूट किती जोरावर सुटावा हा डीआयएन आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून तंत्रज्ञच लावतो. मित्राने सांगितलेला आकडा लावून गुडघा घालवू नका.

जुनी जोडी घेताना कडेवर बोट फिरवा, तडा शोधा. बाजूला थर सुटलेत का बघा. तळात लाकूड दिसेपर्यंत खड्डा असेल तर ठेवून द्या. बाइंडिंगची जुनी छिद्रं मोजा. दोनदा भोकं पाडलेली स्की तिसऱ्यांदा पाडायला देऊ नका. आणि बाइंडिंग फार जुनं असेल तर दुकानदार त्याला हातच लावत नाही, हे आधी विचारून घ्या.

पुतण्याने शेवटी पहिला महिना भाड्याच्या दोन वेगवेगळ्या जोड्या वापरल्या, मग मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं. बहुतेकदा वर्षागणिक चित्रच बदलतं.

मेच्या सुटीत तो स्की घेऊन गावी आला. वहिनींनी त्या टिनाच्या छपराखाली, तुरीच्या पोत्यांवर ठेवल्या. मी लगेच आत आणल्या. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या टिनाखाली थर जोडणारा गोंद कमजोर पडू शकतो, आणि पुढे पावसाळ्यात पोलादी कड गंजते. तळ आणि कडा दोन्हीवर मेणाचा जाड थर द्यायचा, न खरवडता तसाच ठेवायचा, आणि जोडी सैल बांधून मातीच्या भिंतीच्या खोलीत उभी करायची. आमच्याकडे ती डवऱ्याशेजारी उभी आहे.