प्रसंग चिघळण्याआधी : अमेरिकी शहरांत पोलिसांचे तणावशमन प्रशिक्षण कसे उभारावे

२० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री शिकागोमध्ये लकॉन मॅकडॉनल्ड हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा हातात छोटा चाकू घेऊन रस्त्याने चालला होता. आधीपासून त्याच्या मागावर असलेले पोलीस अंतर राखून टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारे शस्त्र, येण्याची वाट पाहत होते. तेवढ्यात नव्याने आलेल्या गाडीतून एक अधिकारी उतरला आणि उतरल्यापासून सुमारे सहा सेकंदांत त्याने गोळीबार सुरू केला. मुलाला १६ गोळ्या लागल्या. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, न्यू जर्सीतील कॅमडेन शहरात एक माणूस चाकू परजत भर रस्त्याने निघाला, तेव्हा तेथील पोलिसांनी त्याच्याभोवती सैलसर कडे केले, पुढची वाहने आणि माणसे बाजूला काढली आणि त्याच्या चालीने ते त्याच्याबरोबर चालत राहिले. शेवटी तो जिवंत ताब्यात आला आणि एकही गोळी झाडावी लागली नाही.

या दोन रात्रींमध्ये जो फरक आहे तो शिकवता येतो, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो. इंग्रजीत ज्याला ‘डी-एस्कलेशन’ म्हणतात आणि येथे मी ‘तणावशमन’ म्हणणार आहे, ते प्रशिक्षण कसे मागावे, कसे आखावे आणि ते खरोखर रुजले की नाही हे कसे तपासावे, हे पुढे सांगितले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना आपल्या शहराच्या सुनावणीत, नागरी देखरेख समितीत किंवा वस्तीच्या बैठकीत या विषयावर बोलण्याची संधी मिळते, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

आधी नियम, मग वर्ग

पहिले काम वर्गात होत नाही, ते पोलीस दलाच्या लेखी धोरणात करावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात घालून दिलेली कसोटी अशी आहे की, त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याला बळाचा वापर वाजवी वाटला असता काय, एवढेच पाहायचे. ही कायद्याची किमान पायरी आहे. एखादा गोळीबार या कसोटीला उतरतो आणि तरीही टाळता आला असता, असे अनेकदा घडते. म्हणून ‘शक्य असेल तेथे प्रसंग निवळवण्याचा प्रयत्न करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे’ आणि ‘सहकारी गैरवाजवी बळ वापरत असेल तर त्याला थांबवणे बंधनकारक आहे’ ही दोन वाक्ये धोरणात आहेत का, हे सर्वांत आधी विचारावे. कॅमडेनने २०१९ मध्ये असे कडक धोरण लेखी स्वरूपात स्वीकारले. धोरणाचा आधार नसलेले प्रशिक्षण अधिकाऱ्याला केवळ सल्ल्यासारखे वाटते, आणि दबावाच्या क्षणी सल्ला आठवत नाही.

त्यानंतर वेळापत्रक मागवावे. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, नवीन भरती झालेल्यांना साधारणपणे बंदुकीचे शिक्षण ५८ तास, शारीरिक झटापटीचे ४९ तास आणि तणावशमनाचे अवघे ८ तास मिळत होते. आपल्या शहराचे हेच तीन आकडे एका ओळीत लिहून सुनावणीत वाचून दाखवले, तर चर्चेला लगेच ठोस आधार मिळतो.

वस्तीला आधीपासून बोलवावे

अभ्यासक्रम छापून झाल्यावर कृष्णवर्णीय वस्तीतील दोन-चार मान्यवरांना उद्घाटनाला बोलावणे हा मला त्या वस्तीचा अवमान वाटतो. दक्षिणेकडील राज्यांत गुलामांवर पाळत ठेवणारी गस्ती पथके होती, पुढे वर्णभेदाचे कायदे राबवण्याचे काम पोलिसांवर आले, १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये निदर्शक मुलांवर पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. हा इतिहास त्या घरांमध्ये ऐकीव नाही, आजी-आजोबांनी अंगावर सोसलेला आहे. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे पहिले मोठे काम पोलिसांच्या गस्तीवर लक्ष ठेवण्याचे होते. त्याच नावापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यामुळे मराठी वाचकाला हा धागा अगदीच परका वाटू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की, प्रसंगनाट्ये, म्हणजे सरावासाठी अभिनयाने उभे केलेले प्रसंग, रचण्याच्या टप्प्यावरच चर्चच्या सभागृहात, केशकर्तनालयात, शाळेच्या पालकसभेत जाऊन लोकांना विचारावे : पोलिसांनी तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला अडवले तेव्हा नेमक्या कोणत्या वाक्याने, कोणत्या हालचालीने प्रसंग बिघडला? जे हे सांगतील आणि पुढे प्रशिक्षणात भूमिका करतील, त्यांना त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. ऐकणारे अधिकारी गणवेशात असोत वा नसोत, त्यांनी त्या दिवशी स्वतःचे समर्थन करू नये, ही अट आधीच मान्य करून घ्यावी. ही अट पाळणे फार अवघड जाते, पण ती मोडली की पुढच्या बैठकीला लोक येत नाहीत.

वेळ, अंतर आणि आडोसा

तणावशमन म्हणजे गोड बोलणे, अशी एक समजूत आहे आणि ती घातक आहे. बोलण्याला अवसर मिळावा म्हणून अधिकाऱ्याने आधी स्वतःला सुरक्षित जागी ठेवायचे असते. अंतर वाढवले आणि आडोसा घेतला की वेळ हाती येतो. वेळ असला की बोलता येते, मदत मागवता येते, समोरच्याचा राग ओसरू देता येतो.

हे नसले तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण क्लीव्हलँडचे आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी १२ वर्षांचा टमीर राइस एका बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन होता. फोन करणाऱ्याने ‘बंदूक बहुधा खोटी आहे’ आणि ‘तो बहुधा अल्पवयीन आहे’ असे सांगितले होते, परंतु नियंत्रण कक्षाकडून हे दोन्ही तपशील गस्तीच्या गाडीपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी थेट गवतावरून मुलाच्या अगदी जवळ नेली गेली आणि ती पोहोचल्यापासून दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. एवढ्या जवळ गाडी थांबवल्यानंतर कोणतेही शब्दकौशल्य उपयोगी पडणार नव्हते. या घटनेतून प्रशिक्षणासाठी दोन गोष्टी थेट निघतात. एक, गाडी कोठे थांबवायची हा तणावशमनाचाच धडा आहे. दुसरी, नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांनाही या प्रशिक्षणात बसवले पाहिजे, कारण अधिकारी मनात जे चित्र घेऊन गाडीतून उतरतो, ते त्यांच्या शब्दांनी रंगवलेले असते. बहुतेक चर्चांमध्ये हा दुसरा मुद्दा राहून जातो.

पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरमने २०१६ मध्ये ‘आयकॅट’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्याआधी अमेरिकेतील पोलीस प्रमुखांनी स्कॉटलंडला जाऊन, बंदूक न बाळगता गस्त घालणारे तेथील पोलीस चाकूधारी माणसाला कसे हाताळतात, हे पाहिले होते. या अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी पाच पायऱ्या आहेत : माहिती गोळा करणे, परिस्थिती आणि धोका जोखणे, आपला कायदेशीर अधिकार व दलाचे धोरण काय सांगते ते पाहणे, पर्याय मांडून त्यातला योग्य तो निवडणे, कृती करून परिणाम पाहणे आणि गरज पडल्यास पुन्हा पहिल्या पायरीवर येणे. या पायऱ्या फळ्यावर लिहून पाठ होतात, पण अंगात मुरत नाहीत. म्हणून किमान निम्मा वेळ प्रसंगनाट्यांना द्यावा, आणि प्रत्येक प्रसंगानंतर प्रशिक्षकाने ‘चूक की बरोबर’ असा निकाल देण्याऐवजी विचारावे : तुम्ही निर्णय कोणत्या क्षणी घेतला? तोपर्यंत तुम्हाला काय ठाऊक होते? दहा पावले मागे राहिला असतात तर काय बिघडले असते? काही प्रसंग असेही ठेवावेत की ज्यांत योग्य उत्तर ‘येथून निघून जाणे’ हेच असेल.

पहिली पंचेचाळीस वाक्ये नव्हेत, पंचेचाळीस शब्द

पोलीस आणि कृष्णवर्णीय नागरिक यांची गाठ बहुतेक वेळा रस्त्यावर गाडी अडवल्यावर पडते, म्हणून प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा भाग येथे खर्च व्हावा, असे माझे मत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ओकलंड पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांत २०१४ मध्ये टिपलेल्या ९८१ प्रसंगांतील अधिकाऱ्यांची भाषा तपासली. अधिकारी गोऱ्या चालकांशी जितक्या आदराने बोलत, तितक्या आदराने कृष्णवर्णीय चालकांशी बोलत नव्हते, असे त्यात आढळले. इंग्रजीत ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ हा भेद सर्वनामांत नाही, पण आदबीचे संबोधन वापरणे, आभार मानणे, खोळंबा झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणे यांतून तो तितकाच स्पष्ट उमटतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कृष्णवर्णीय चालकांच्या ५७७ प्रसंगांतील अधिकाऱ्याचे केवळ पहिले ४५ शब्द, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटाचे बोलणे पाहिले गेले. जे प्रसंग पुढे बेड्या, झडती किंवा अटकेपर्यंत गेले, त्यांत सुरुवात हुकमाने होण्याचे आणि गाडी अडवण्याचे कारण न सांगितले जाण्याचे प्रमाण अधिक होते.

यावरून जो सराव करून घ्यायचा तो साधा आहे. ‘इंजिन बंद कर, हात दिसू देत’ या सुरुवातीऐवजी ‘नमस्कार, मी अमुक अधिकारी. तुमच्या गाडीचा मागचा डावा दिवा बंद आहे, म्हणून थांबवले. परवाना दाखवाल का?’ ही सुरुवात शंभर वेळा तोंडातून गेली पाहिजे, इतकी की अधिकारी थकलेला वा घाबरलेला असतानाही तीच बाहेर यावी. त्याबरोबर समोरच्याला हुकूम समजतो आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन येथे नातवाला सांभाळण्यासाठी भारतातून आलेले एक आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. शेजाऱ्याने ‘एक सडपातळ काळा माणूस’ वस्तीत फिरत असल्याचे पोलिसांना कळवले. आजोबांनी इंग्रजी येत नसल्याचे सांगितले, तरीही त्यांना जमिनीवर आपटले गेले आणि त्यांच्या शरीराला अंशतः पक्षाघात झाला. आपले आईवडील ज्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला येतात, त्यांनी हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे असे मानू नये.

मानसिक आजाराच्या प्रसंगांसाठी वेगळा, अधिक दीर्घ अभ्यासक्रम लागतो. मेम्फिसमध्ये १९८७ साली पोलिसांच्या गोळीने मानसिक आजारी कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर १९८८ मध्ये तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या अधिकाऱ्यांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण सुरू झाले. आज देशभर तो नमुना वापरला जातो, तेव्हा नव्याने काही रचण्यात वेळ घालवू नये.

सहकाऱ्याचा हात धरणे

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर ९ मिनिटे २९ सेकंद गुडघा रोवला गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. तेथे हजर असलेल्यांपैकी दोन अधिकारी नोकरीत अगदी नवखे होते, आणि गुडघा रोवणारा ज्येष्ठ अधिकारी नवख्यांना शिकवण्याचे काम करणारा होता. एका नवख्याने फ्लॉइड यांना कुशीवर वळवायचे का, असे विचारलेही, पण नकार मिळाल्यावर त्याने ज्येष्ठाला थांबवले नाही. हस्तक्षेपाचे कर्तव्य सांगणारा नियम त्या दलात त्याआधीच होता.

कनिष्ठाने ज्येष्ठाला थांबवणे हे धैर्याचे काम आहे आणि म्हणूनच त्याचा सराव लागतो. न्यू ऑर्लिन्स पोलिसांनी २०१६ मध्ये त्यासाठी ‘एपिक’ हा कार्यक्रम सुरू केला. आपल्या शहरात हे करताना आधीच ठरलेला एखादा शब्द किंवा खांद्यावर हात ठेवण्यासारखी खूण शिकवावी, जी मिळताच पहिल्याने मागे सरायचे आणि दुसऱ्याने सूत्रे घ्यायची. हे सार्जंटांपासून सुरू करावे, आणि नवख्यांना रस्त्यावर शिकवणाऱ्यांची निवड करताना त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी आणि त्यांनी वापरलेल्या बळाच्या नोंदी तपासाव्यात.

काय मोजावे

प्रशिक्षण घेतलेल्यांनी भरलेल्या समाधानाच्या अर्जांवर विसंबू नये. लुइव्हिलमध्ये २०१९ साली आयकॅटची परीक्षा चांगल्या पद्धतीने झाली. पोलीस विभागांना एकाच वेळी न शिकवता यादृच्छिक क्रमाने टप्प्याटप्प्याने शिकवले गेले, त्यामुळे शिकलेल्या आणि अजून न शिकलेल्या विभागांची तुलना करता आली. बळाच्या वापराच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि अधिकाऱ्यांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी घटल्या. शेवटचा आकडा पोलीस संघटनेशी बोलताना अवश्य पुढे ठेवावा, कारण प्रशिक्षणाने आमचा जीव धोक्यात येईल, ही त्यांची शंका खरी असते आणि तिला खरे उत्तर द्यावे लागते.

मात्र त्याच लुइव्हिलमध्ये १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर पोलीस दार फोडून घरात शिरले आणि २६ वर्षांची ब्रिओना टेलर त्यांच्या गोळ्यांनी मरण पावली. त्या झडतीचे वॉरंट मिळवण्यासाठी खोटी माहिती देण्याच्या कटात आपण सामील होतो, असे एका तपास अधिकाऱ्याने पुढे न्यायालयात कबूल केले. मार्च २०२३ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने हे दल कृष्णवर्णीयांशी बेकायदा भेदभाव करते, असा निष्कर्ष नोंदवला. म्हणून बळाच्या वापराच्या आकड्यांशेजारी त्याच तक्त्यात, वर्णानुसार, गाड्या किती अडवल्या, झडत्या किती घेतल्या, त्यांतून काही सापडले का आणि रात्रीची वॉरंटे किती निघाली, हेही दर तीन महिन्यांनी मागावे. अडवण्याचा निर्णयच कमी करता येतो का, हे त्याच बैठकीत विचारावे. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये कायदा करून गाडीचा एखादा दिवा बंद असण्यासारख्या काही किरकोळ त्रुटींसाठी, केवळ त्या कारणाने, गाडी अडवणे थांबवले. वर सरावासाठी दिलेले बंद दिव्याचे वाक्य तेथील अधिकाऱ्याला आता उच्चारावेच लागत नाही.