लेकरू लहान आहे? क्रूझचं बुकिंग करण्याआधी डेक प्लॅन मागा

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची चौकशी करताना आपण इंदूरकर पहिलं विचारतो ते व्हेज जेवणाचं. पोर लहान असेल तर त्याआधी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे कोणत्या मजल्यावर (डेकवर) काय आहे त्याचा नकाशा, मागून घ्या आणि आपल्या केबिनच्या बरोब्बर वर-खाली काय आहे ते बघा. वर डिस्को किंवा पूल असला, की मध्यरात्र उलटली तरी छतातून धप्-धप् येत राहणार. वर-खाली केबिनच असलेली, मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली घ्या. तिथे हेलकावेही कमी बसतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच, पार्टीवाले कमी असतात.

बहुतेक जहाजांवर सहा महिन्यांखालचं बाळ नेता येत नाही. किड्स क्लब साधारण तीन वर्षांपासून, आणि डायपरमधल्या मुलांना मोठ्या पूलमध्ये सहसा उतरू देत नाहीत. म्हणजे दोन वर्षांचं पोर काठावर भोकाड पसरणार आणि तुम्ही बिस्किटं पुरवत बसणार!

आपल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला भुट्ट्याचा कीस खाऊन बाबांच्या खांद्यावर झोपणारी पोरं क्रूझवरही निभावून नेतील. नऊला अंथरूण लागणारं असेल, तर आई-बाबांपैकी एकाचा जहाजावरचा रात्रीचा शो रोज बुडणार, हे धरूनच पैसे भरा.