कमाटीबागेतला देवमासा टेबलावर: संग्रहालयात कुटुंबानं मिळून करायचं काम

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी घरंच्या घरं थबकतात, फोटो काढतात आणि पुढच्या दालनात जातात. त्यांना तिथे रेंगाळायला लावायचं तर हाताला काम द्यावं, आणि तेही एकट्याला न जमणारं. देवमाशाचा पुठ्ठ्याचा हलता कणा त्यासाठी फार चांगला.

प्रत्येक कुटुंबाला खोक्याच्या पुठ्ठ्याच्या ६ सेंमी व्यासाच्या ८ चकत्या, जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हरातून कापलेली २ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब पट्टी, अर्धा-अर्धा मीटर सुती दोऱ्याचे दोन तुकडे, कागदी चिकटपट्टी आणि एक दाभण लागेल. चकत्यांच्या मधोमध २ सेंमीची आडवी चीर आदल्या दिवशी आपणच कटरनं पाडून ठेवावी. ती घट्टच हवी. सैल झाली तर दोरा ओढताच चकत्या घसरून एकमेकींना चिकटतात.

चकतीखाली जुन्या चपलेचा तळ ठेवून मोठ्यांनी चिरेच्या वर एक आणि खाली एक भोक पाडावं, काठापासून १ सेंमी आत. मुलांनी चकत्या साडेतीन सेंमी अंतरानं पट्टीत ओवाव्यात, डोक्याकडे ४ सेंमी मोकळी सोडून. शेवटची चकती दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्की करावी. वरच्या भोकांतून एक दोरा, खालच्या भोकांतून दुसरा. गाठी फक्त शेपटीकडे. पट्टी लवलवते, म्हणून एकानं धरल्याशिवाय दुसऱ्याला ओवताच येत नाही. दोरा अडकत असेल तर त्यावर मेणबत्ती घासा. उत्तरायणातला उरलेला मांजा मात्र अजिबात नको, बोटं कापतात. फेविकॉलही नको, तो सुकेपर्यंत मुलं कंटाळतात.

टेबल ६० सेंमी उंच ठेवा आणि आजी-आजोबांसाठी पाठीच्या खुर्च्या. सांगाडा दिसेल, पण कात्री-दाभण घेऊन कोणी वस्तूंपाशी जाणार नाही, इतकं अंतर असू द्या. मराठी, गुजराती आणि हिंदी पाटीवर कृतीच्या चित्रांखाली एकच प्रश्न लिहा: शेपूट कुठे हलते?

मदतनीसांना एक सवय मुद्दाम लावावी लागते: हात मागे ठेवण्याची. मूल अडलं की लगेच गाठ मारून देऊ नये. “आजी, तुम्ही जरा डोकं धरता का?” एवढं म्हटलं की पुरतं.

दोरे आळीपाळीनं ओढले की शेपूट वरखाली होते. देवमासा सस्तन प्राणी. धावत्या कुत्र्याचा कणा लवतो तसाच त्याचाही. आता तोच कणा कुशीवर वळवून पुन्हा दोरे ओढायला सांगा. शेपूट डावी-उजवीकडे जाते, बाजारातल्या रोहूसारखी.