टेक्ससमधली पारध: आधी कागद, मग टायर, मग बार

मी मूळचा कुडाळकडचा. आमच्याकडे शिकार ही ऐकायची गोष्ट होती. आजोबांच्या तोंडी हाका, मचाण, ठासणीची बंदूक असे शब्द यायचे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते शब्दच काय ते उरले. शेतात रानडुकरं शिरली की आम्ही डबे बडवायचो, फटाके लावायचो आणि सकाळी लोळवलेलं भात बघून शिव्या घालायचो. त्यामुळे ऑस्टिनला नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या एकाने "शनिवारी डुकरं मारायला येतोस?" असं सहज विचारलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

पुढच्या चार वर्षांत मी एक जुनी टॅकोमा, म्हणजे टोयोटाची पिकअप गाडी, घेतली, तिच्यावर नको तिथे पैसे घातले, एकदा ती चिखलात पुरली, आणि शेवटी हरीणही मारलं. सगळं उलट्या क्रमाने. नव्या माणसाने निदान क्रम तरी सुलट धरावा, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कागदांपासून. आपल्याकडून येणारे बहुतेक जण एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असतात, आणि इथेच मोठा खड्डा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अपवाद आहे तो शिकारीचं वैध लायसन्स असणाऱ्याला. त्या पहिल्या शनिवारी मित्राने रायफल पुढे केली, मी हातही पुढे केला, आणि शेजारचा माणूस म्हणाला, "थांब, हा व्हिसावर आहे ना? लायसन्स आहे का याच्याकडे?" नव्हतं. दिवसभर मी दुर्बीण धरून बसलो.

गंमत अशी की २०१९ च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला लायसन्सच लागत नाही. लायसन्स कशाला, असं मित्राला वाटलं ते बरोबर होतं, पण त्याच्यापुरतं. डुकराला लायसन्स लागत नसलं तरी व्हिसावरच्या माणसाला बंदुकीसाठी ते लागतंच. दुसरी मेख तारखेची. टेक्ससचं लायसन्स कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं. ग्रीन कार्ड आलं की हा अपवाद शोधत बसावं लागत नाही, पण तोवर मी दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर गजर लावून ठेवायचो. हे अतिकाळजीचं वाटेल, वाटू दे. व्हिसावरच्या माणसाची जोखीम मोठी असते.

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम करावा लागतो. सतरा वर्षांपुढच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. मी तो एका बैठकीत, डाव्या हाताने संपवला आणि नंतर पस्तावलो, कारण कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, हे मला रानात दुसऱ्याकडून ऐकून घ्यावं लागलं. सलग सहा महिन्यांहून जास्त राज्यात राहिलात की रहिवाशाच्या दरात लायसन्स मिळतं. बाहेरच्याला ते कित्येक पट महाग पडतं.

आता गाडी. इथे मी सगळ्यात जास्त माती खाल्ली, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

मी २०१२ ची फोर-व्हील-ड्राइव्ह टॅकोमा घेतली, चार लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची. इंजिन दणकट, पार्ट कुठेही मिळतात, आणि बघेल तो काहीतरी बदल सुचवणारच. पहिल्या सहा महिन्यांत मी काय काय बसवलं? छतावर लांबलचक एलईडी पट्टी, पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), मागच्या हौद्यावर टोपण, टोपणावर रॅक, रॅकवर उघडमिटीचा तंबू. पार्किंगमध्ये लोक वळून बघायचे. मीही वळून बघायचो.

मग एकदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलू शकते, तो आकडा तिथे लिहिलेला असतो. माझ्या गाडीचा होता अकराशे पौंडांच्या आसपास. हिशेब मांडला: बंपर आणि विंच दोनशेच्या वर, टोपण आणि रॅक अडीचशे, तंबू दीडशे, दोन माणसं साडेतीनशे, बर्फाने भरलेला कूलर शंभर. म्हणजे ज्या हरणासाठी हा सगळा खटाटोप, त्याला गाडीत कागदावर जागाच उरली नव्हती. कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ते स्टिकर वाचा. लिफ्ट किटने गाडी उंच होते, हा आकडा वाढत नाही.

टायरचंही तेच. गाडी घेतली तेव्हा २६५/७०आर१७ मापाचे होते, मी २८५/७०आर१७ बसवले. व्यास जेमतेम एक इंचाने वाढला, पण स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला आणि मागच्या कोपऱ्याला घासायचा. तो आवाज बंद करायला कापाकापी, कापाकापी टाळायला लिफ्ट, लिफ्ट केली म्हणून अलाइनमेंट जुळेना, अलाइनमेंटसाठी सस्पेन्शनचे वरचे कंट्रोल आर्म. एका इंचाने मला तीन बिलं दाखवली. शिवाय स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्टने पळते. आधीच्या मापातच चांगले ऑल-टेरेन टायर घेतले असते तरी मी जिथे जिथे गेलो तिथे आरामात पोचलो असतो.

एके ठिकाणी मात्र कुठलेही टायर घालून काही झालं नसतं. ऑस्टिनच्या पूर्वेला काळी जमीन आहे. नोव्हेंबरात रात्री पाऊस पडून गेला होता, वरून सगळं सुकल्यासारखं दिसत होतं. मी फोर-व्हील लावून ऐटीत शेतात घातली आणि शंभर पावलांवर चारही चाकांचे लाडू झाले. विंच होती, पण तिचा दोर अडकवायला आसपास झाड नव्हतं. बायकोला फोटो पाठवला. ती वर्ध्याची. तिचं उत्तर आलं, "अरे, ही तर आमची काळी माती. पावसात हिच्यात कोणी बैलगाडीसुद्धा घालत नाही." खरंच, दख्खनची काळी माती आणि टेक्ससच्या या पट्ट्यातली माती एकाच जातकुळीतली आहे, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. मी लाल मातीतला माणूस, मला काय ठाऊक.

रँचचा, म्हणजे त्या गुराढोरांच्या मोठ्या शेताचा, मालक ट्रॅक्टर घेऊन आला. माझा मित्र पट्टा ट्रेलर ओढायच्या गोळ्यात अडकवायला गेला तेव्हा म्हातारा पहिल्यांदा ओरडला. झटक्याने तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. पट्टा लावायचा तो चॅसीला पक्क्या केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढून काढायच्या कडीलाच, आणि ओढताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं.

त्यामुळे माझी आजची यादी छोटी आहे. दोन रिकव्हरी पॉइंट, ताणणारा दोर, फावडं, चाकाखाली घालायच्या फळ्या, हवेचा पंप, पंक्चरचं सामान. इथल्या मेस्किट झाडाचा काटा आपल्या बाभळीची आठवण करून देतो, टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला तर खेळ खलास. खडकाळ रस्त्यावर हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली की गाडी हाडं मोडत नाही, फक्त डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरायची. बाकी सगळं वर्षभर गाडी वापरल्यावर ठरवा.

जमिनीचा प्रश्न गाडीहून अवघड. टेक्ससची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे. सार्वजनिक जागांसाठी स्वस्तात वार्षिक परवाना मिळतो, पण तिथे नारिंगी जाकीट, गर्दी आणि नियमांची जाडजूड पुस्तिका. मालकाचा विश्वास मिळवणं हाच खरा रस्ता. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळा पट्टा दिसला तर आत पाऊल टाकायचं नाही, तो पाटीइतकाच कायदेशीर आहे. आणि गेट उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, बंद दिसलं तर मागे बंद करायचं. गुरं कुठे सोडायची ते मालकाने ठरवलेलं असतं. मी दोन शनिवार त्याच्याकडे कुंपणाच्या तारा ओढल्या, त्यानंतर बंदुकीचा विषय निघाला.

रायफल मी .३०८ कॅलिबरची घेतली. कुठली घ्यावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात फारसा रस नाही. टेबलावर बसून शंभर यार्डांवर नेम लागतो, तोच गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना लागत नाही, हे मात्र मी महिनाभर रेंजवर शिकलो.

डुकराचं नाक भयंकर तिखट, नजर बेताची. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर घरी जा. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, पुढे युरोपातली रानडुकरं शिकारीसाठी सोडली गेली, त्या दोन्हींच्या मिश्रणातून ही आजची जात. गाभणकाळ ११५ दिवसांच्या आसपास: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणून कितीही मारली तरी शेतकरी पुरेत म्हणत नाही. काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, हरणाचा नेम डुकराला लावला की जखमी जनावर झाडीत जातं. दक्षिण आणि पश्चिम टेक्ससमध्ये हावेलिना नावाचं डुकरासारखंच दिसणारं जनावर असतं. त्याला लायसन्स आहे, हंगाम आहे, संख्येची मर्यादा आहे. अंधारात खात्री नसेल तर बोट ट्रिगरपासून लांब.

हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. बार टाकायची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. अनेक काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, मोठ्या नराच्या शिंगांमधलं अंतर तेरा इंच लागतं. कान टवकारलेल्या नराच्या कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, शिंगं त्याबाहेर दिसली पाहिजेत. या भानगडीत नको म्हणून मी पहिल्यांदा मादी निवडली, लॅनोजवळच्या एका रँचवर, नव्वद यार्डांवरून. ती उडाली, पळाली, दिसेनाशी झाली. माझे हात थरथरत होते. मित्राने दंडाला धरून अर्धा तास बसवून ठेवलं. मग गवतावर फेसाळ गुलाबी रक्त दिसलं, म्हणजे फुप्फुस. साठ पावलांवर ती पडलेली होती. हसू वगैरे काही आलं नाही. लायसन्सचा टॅग लावला आणि कामाला लागलो.

ते काम उरकायची घाई असते. नोव्हेंबरातही दुपारी इथे चांगलंच ऊन पडू शकतं. आतडी लगेच काढायची, कातडं सोलायचं, मांस बर्फात टाकायचं. डुक्कर असेल तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. डुकरातून ब्रुसेलोसिस नावाचा जंतूंचा आजार माणसाला होतो, आणि ते जंतू मारायला फ्रीझरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवं. आपला कुकर त्याच्या कितीतरी पुढे जातो.

हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाकायची. मग भाजक्या खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, सहा शिट्ट्या. एक डबा भरून मालकाला नेऊन दिला. त्याने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला, परत दोन घास खाल्ले.

पुढच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: "पाऊस नसेल तर शनिवारी ये. तो डबा परत आण. छतावरचा तंबू घरी ठेव." तंबू मी तोवर विकला होता.