ईको व्हॅनमध्ये मजबूत बेड कसा बसवावा

गाडीतल्या बेडचा कस रात्री त्यावर दोन माणसे झोपतात तेव्हा लागत नाही, तो दिवसा गाडी चालू असताना लागतो. दोन प्रौढांचे मिळून दीडशे किलो वजन साध्या लोखंडी चौकटीला जड नसते. मात्र घाटातील वळणे, गतिरोधक आणि अचानक लागणारे ब्रेक यांमुळे तीच चौकट पुढे-मागे व आडवी हेलकावत राहते आणि सांधे हळूहळू सैल होतात. त्यामुळे लाकूडकामापेक्षा जोडणी आणि गाडीच्या तळाशी केलेली बांधणी यांवर अधिक वेळ खर्च करणे शहाणपणाचे ठरते. पुढील विवेचन मारुती ईकोला धरून केले आहे. लहान कुटुंबाच्या आवाक्यातली ही गाडी महाराष्ट्रात गावोगावी दिसते आणि तिचे काम जाणणारे मेकॅनिकही सहज मिळतात.

काम सुरू करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहून घ्यावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्या तपशिलांचाच भाग आहे. मागची आसने काढणार असाल तर आरटीओ कार्यालयात आधी चौकशी करावी, तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवावे. बेड कसाही बांधला, तरी धावत्या गाडीत त्यावर कोणालाही झोपू किंवा बसू देऊ नये.

ईकोची बाहेरची रुंदी 1475 मिमी आहे, म्हणजे आडवे झोपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बेड गाडीच्या लांबीच्या दिशेनेच येतो आणि त्याची लांबी पुढच्या आसनांच्या पाठीवर अवलंबून राहते. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने ती आसने उचलायला अडथळा होईल इतका बेड पुढे आणू नये. झोपणाऱ्याच्या उंचीला ते अंतर अपुरे पडत असेल, तर पुढचा तीन-चारशे मिलिमीटरचा भाग बिजागरीवर दुमडणारा करावा आणि दुमडलेल्या स्थितीत त्याला कडी लावावी. रुंदी तीन ठिकाणी मोजावी: चाकांवरच्या फुगवट्यांपाशी, त्यांच्या वर आणि मागच्या दाराच्या चौकटीत. उंची ठरवताना उलटा हिशेब करावा. जमिनीवर बसलेल्या माणसाची डोक्यापर्यंतची उंची, गादीची जाडी आणि प्लायची जाडी गाडीच्या तळापासून टपापर्यंतच्या आतल्या उंचीतून वजा केली की बेडच्या पायांसाठी किती जागा उरते ते समजते. बेडखाली मोठा डबा मावावा म्हणून पाय उंच करण्याचा मोह होतो, पण पाऊस लागला की तासन्‌तास आतच बसावे लागते आणि मग वाकून बसण्याचा त्रास डब्याच्या सोयीपेक्षा मोठा वाटू लागतो. मोजमापे कागदावर घेऊन न थांबता जाड पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत ठेवून पाहावा, कारण गाडीच्या बाजू सरळ नसतात.

चौकटीसाठी 40 × 20 मिमी मापाचा, 1.6 मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप पुरेसा आहे. तो उभा लावायचा की आडवा, हा तपशील किरकोळ वाटला तरी निर्णायक आहे. 1200 मिमी अंतराच्या आडव्या पट्टीवर मध्यभागी 80 किलोचा माणूस गुडघा टेकवून उभा राहिला, तर 40 मिमीची बाजू उभी असताना पाइप सुमारे 4 मिमी वाकतो. तोच पाइप आडवा टाकला तर जवळपास 12 मिमी वाकतो. खर्च तेवढाच, वजन तेवढेच, आणि ताठरपणा मात्र तिप्पट. फॅब्रिकेटरला हे तोंडी सांगून भागत नाही, आकृतीत बाण काढून दाखवावे. 1850 मिमी लांबीच्या बेडला सहा आडव्या पट्ट्या घेतल्या की दोन पट्ट्यांत साधारण 370 मिमी अंतर राहते आणि त्यावर 12 मिमीचा प्लाय चालतो. 18 मिमीचा प्लाय त्याच्या जवळपास साडेतीनपट ताठ असतो हे खरे, पण तो दीडपट जडही असतो आणि पट्ट्या जवळ असताना त्याची गरज पडत नाही. चौकट आणि प्लाय मिळून वजन 40 किलोच्या आसपास बसते.

सहा पाय उभे केले की काम संपले, असे मानणारे अनेक फॅब्रिकेटर भेटतात. तिरक्या आधाराशिवाय उभी केलेली चौकट खाटेसारखी एका बाजूला कलते, मग वेल्डिंग कितीही पक्के असो. म्हणून दोन्ही लांब बाजूंना आणि किमान एका आडव्या बाजूला 25 × 3 मिमीची पट्टी तिरकी लावावी. सामान ठेवण्यासाठी बाजू मोकळी हवी असेल, तिथे कोपऱ्यांत 3 मिमी पत्र्याचे त्रिकोण वेल्ड करावेत. पूर्ण वेल्डिंगपूर्वी फक्त टाके मारून दोन्ही कर्ण मोजावेत; ते समान आले नाहीत तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. वेल्डिंग गाडीच्या आत कधीही करू नये. पेट्रोल, वायरिंग आणि काही गाड्यांत सीएनजीचे सिलिंडर जवळच असते. चौकट दाराबाहेर बनवायची आणि आत न्यायची असल्याने ती दोन तुकड्यांत करून मध्ये बोल्टने जोडणे सोयीचे पडते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे तळाची बांधणी. जोरदार ब्रेकमध्ये वजनाच्या सुमारे 0.8 पट बल पुढे लागते. बेड आणि त्याला बांधलेले सामान मिळून 100 किलो असेल तर पायांच्या बोल्टांवर 80 किलोचा ओढा येतो. धडकेत हा आकडा दहा-वीसपट होऊ शकतो आणि त्या ओढ्याच्या दिशेला चालकाची पाठ असते. पत्र्यात पिळलेले स्क्रू हा भार सोसत नाहीत. काढलेल्या आसनांच्या मूळ बोल्टांच्या जागा वापराव्यात, कारण तिथला तळ कारखान्यातच मजबूत केलेला असतो. नवा बोल्ट घेताना जुना सोबत नेऊन आटे जुळवून पाहावेत. जिथे नवे भोक पाडणे अटळ आहे, तिथे आधी गाडीखाली शिरून इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठून जातात ते पाहावे. एम8 मापाचा (8 मिमी जाडीचा) 8.8 या उच्च ताकदीच्या ग्रेडचा बोल्ट, वर रुंद वॉशर, खाली 75 × 75 मिमीची 3 मिमी जाड पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा नट) अशी जोडणी करावी. भोकाची कड घासून तिथे झिंक प्रायमर लावावा आणि सीलंट भरावा, अन्यथा कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथून गंज पसरू लागतो.

वरच्या फळीसाठी आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. चौकटीच्या पट्ट्यांना धक्का न लागेल अशा रीतीने त्यात 30 मिमीची भोके साधारण 150 मिमी अंतराने पाडावीत. श्वासातली वाफ गादीखाली साठते आणि हवा खेळती नसली तर गादीला बुरशी लागते. कापलेल्या कडांना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात द्यावेत. प्लाय आणि लोखंड यांच्यामध्ये 3 मिमी रबराची पट्टी टाकली नाही, तर बेडचा किरकिर आवाज पहिल्याच खडबडीत रस्त्यावर सुरू होतो. फळी एम6 बोल्टने साधारण 300 मिमी अंतरावर कसावी, बोल्टची डोकी प्लायमध्ये बुडवावीत. स्टेपनी, जॅक आणि अग्निशामक काढण्यासाठी फळी उचलावी लागणार असेल, तर तो भाग वेगळा कापून बिजागरीवर घ्यावा.

बेडखालच्या पाण्याचा कॅन, गॅस आणि बॅटरी यांना चौकटीवर न विसंबता तळाशी स्वतंत्र पट्टे द्यावेत.

गादी टाकण्यापूर्वी चौकटीच्या एका कोपऱ्याला दोन्ही हातांनी आडवे ढकलून पाहावे; गाडी स्प्रिंगवर हलली पाहिजे, चौकट तिच्या जागेवरून हलता कामा नये. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगाने ब्रेक दाबून ऐकावे. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा कसावेत आणि प्रत्येक नट व पत्रा यांवर रंगाची एक आडवी रेघ ओढावी, म्हणजे पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.