डीएमएचा बफर आणि कॅशेतला शेजारी

लिनक्सचा ड्रायव्हर लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो आणि एआरएम बोर्डावर मात्र अधूनमधून चार-दोन बाइट भलतेच येतात. अशा वेळी चिपला दोष देण्याआधी बफर, म्हणजे डेटा ठेवायची जागा, मेमरीत कुठे बसलाय ते पाहा. डीएमए म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं, आणि कॅशे म्हणजे सीपीयूजवळची मेमरीची झटपट प्रत. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) या दोघांचा मेळ हार्डवेअरच घालतं, म्हणून तिथे ही चूक झाकली जाते. बऱ्याच एआरएम चिपांवर ते काम ड्रायव्हरकडे असतं.

सुरुवात प्रोब फंक्शनपासून, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतं तिथून. डिव्हाइसला किती बिटांचा पत्ता देता येतो ते डेटाशीटमध्ये पाहा आणि डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहिरंटने कर्नलला सांगा.

मग मेमरी घ्या. डिस्क्रिप्टर रिंग (कुठला बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींची गोल यादी) सीपीयू आणि डिव्हाइस दोघंही सतत हाताळतात, तिच्यासाठी डीएमए_अलॉक_कोहिरंट. येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाला केमॅलॉक (सलग मेमरी देणारं कर्नलचं फंक्शन) पुरतं. स्टॅकवरचा अ‍ॅरे देऊ नका. व्हीमॅलॉकची जागाही नको, तिची पानं भौतिक मेमरीत विखुरलेली असतात. (मॉड्यूलमधला स्टॅटिक अ‍ॅरेही याच कारणाने बाद.)

खरी गोची पुढे आहे. कॅशे बाइट मोजत नाही, ओळी मोजते, आणि ओळ बहुधा ६४ बाइटांची असते. समजा स्ट्रक्चरमध्ये १६ बाइटांचा बफर आहे आणि त्याला खेटून एक काउंटर. डिव्हाइस बफर भरत असताना इंटरप्टमध्ये काउंटर वाढला, की अख्खी ओळ कॅशेत येते, बफरच्या जुन्या मजकुरासकट. ती मेमरीत परत उतरली की डिव्हाइसने नुकतंच लिहिलेलं गेलं. उलट ड्रायव्हरने ओळ रद्द केली, तर काउंटरची वाढ गेली. एका पाटीवर दोघांनी लिहिलं की असंच व्हायचं.

म्हणून बफर स्ट्रक्चरच्या पोटात ठेवूच नका, वेगळा केमॅलॉक करा. ठेवणं भागच असेल तर बफरला आणि त्याच्या पुढच्या फील्डलाही आर्च_डीएमए_मिनअलाइनची (डीएमएसाठी कर्नलने ठरवलेल्या किमान अंतराच्या स्थिरांकाची) सीमा द्या. ६४ हा आकडा हाताने लिहू नका. एआरएम६४ वर हा स्थिरांक १२८ आहे.

बफर डिव्हाइसकडे सोपवणाऱ्या डीएमए_मॅप_सिंगलला दिशा (डेटा डिव्हाइसकडे जाणार की तिथून येणार) अचूक सांगा आणि मिळालेला पत्ता डीएमए_मॅपिंग_एररने तपासा. तिथून अनमॅप होईपर्यंत बफर डिव्हाइसचा. सीपीयूने त्यात डोकावायचंही नाही. डोकवायचंच असेल तर आधी डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, आणि परत सोपवताना त्याचा फॉर_डिव्हाइस हा जोडीदार.

कर्नल बांधताना डीएमए एपीआय डीबगचा पर्याय चालू ठेवा. दिशा चुकली किंवा स्टॅकचा पत्ता दिला, की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, इशारा येतो. काउंटरवाली चूक मात्र त्याला पकडता येत नाही. तिच्यासाठी ऑब्जेक्ट फाइलवर पाहोल हा स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. कॅशेची ओळ कुठल्या फील्डपाशी संपते ते तो दाखवतो.