नखांवर पोहे-जिलबी काढताय? या चुका टाळा

आमच्या इंदुरात कुणाच्या नखावर गुलाब दिसला तर लोक ‘छान’ म्हणून पुढे जातात. पोहे दिसले तर हात धरूनच ठेवतात. त्यामुळे गेली काही वर्षं ओळखीतल्या मुली, त्यांच्या आया आणि एकदा तर साठीच्या एक काकू माझ्यापुढे बोटं पसरून बसल्या आहेत. शिकवायला माझी ना नाही. पण या सगळ्या येतात त्या बिघडवून झाल्यावर, आणि बिघडवतातही सगळ्या एकाच तऱ्हेने.

पहिला मान खरा पदार्थ नखावर चिकटवणाऱ्यांचा. हसू नका, दर लग्नसराईत एक तरी निघते. मागच्या खेपेला ती माझीच भाची होती. मैत्रिणीचं लग्न होतं. हिने अनामिकेवर पिवळा नेलपेंट लावला, ओला असतानाच त्यावर बारीक शेव टोचली, वरून चिमूटभर जीरावन, म्हणजे पोह्यांवर टाकायचा आमचा इंदुरी मसाला, भुरभुरवलं आणि टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, फासला.

“मावशी, अगदी खरं दिसतंय ना?”

“दिसणारच. खरंच आहे ते.”

शेव तेलात तळलेली. तेलावर टॉप कोट धरत नाही, त्यामुळे कडा तासाभरातच सुटल्या. जीरावनमधल्या हळद-तिखटाचा रंग टॉप कोटच्या द्रवात उतरला आणि नखाभोवतीची कातडी लालपिवळी झाली. सुटलेली शेव ओढणीच्या जरीत अडकायला लागली, ती काढता काढता बाईसाहेबांनी त्याच बोटाने डोळा चोळला. जीरावनमध्ये मिरची असते हे इंदुरातल्या मुलीला सांगायला लागू नये. तिकडे वरमाला पडत होत्या आणि ही मंगल कार्यालयाच्या नळाखाली डोळा धरून उभी. फोटोंमध्ये ती कुठेच नाही.

शेव हवी ना? नेलपेंटचीच करा. दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून घ्या आणि तिची आतली बाजू वर ठेवा. बाहेरच्या बाजूची छपाई नेलपेंटने सुटते. त्यावर टूथपिकने पिवळ्या-नारिंगी नेलपेंटच्या बारीक वेड्यावाकड्या रेघा ओढा, रात्रभर वाळू द्या, सकाळी चिमट्याने उचला. नखावर टॉप कोटचा ताजा हात द्यायचा, त्यावर या रेघा तुकडे करून ठेवायच्या, आणि वाळल्यावर पुन्हा टॉप कोट. साबुदाणा, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, सगळं असंच पिशवीवर होतं. मी फावल्या वेळात करून जुन्या कुंकवाच्या डबीत साठवते. “रात्रभर?” असं तोंड वाकडं करून विचारणाऱ्यांनी टिकल्या लावाव्यात.

आता पोह्यांचा पिवळा. हा रंग हट्टी आहे. एका थरात पट्टे दिसतात म्हणून लोक जाड थापतात, आणि इथेच सगळं फसतं. नेलपेंट वाळतो म्हणजे त्यातले उडून जाणारे द्रव निघून जातात. जाड थराची वरची साय आधी धरते, खालचं ओलं तसंच कोंडतं. मग बुडबुडे येतात, आणि सकाळी उठून बघावं तर नखांवर चादरीची वीण छापलेली. मी आधी बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, मग पांढऱ्याचा एक पातळ हात देते आणि त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात. पांढऱ्यावर पिवळा खुलतो, कमी लागतो. बेस कोट गाळू नका. गडद पिवळा आणि लाल रंग नखात उतरतो, आणि नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं. पिवळं पडलेलं नख पुरतं निघून जायला मग सहा महिने लागू शकतात.

तरीही सगळ्यात जास्त रडू येतं ते जिलबीवर. माझंही आलं आहे. एका भाऊबीजेला दहाही नखांवर जिलब्या काढल्या. जेवण व्हायचं होतं, पाटावर बसायची घाई, म्हणून पाचच मिनिटांत टॉप कोट फिरवला. ब्रश पहिल्या जिलबीवरून गेला आणि ती गाजर हलवा झाली. दुसरीवर हात हलका ठेवला, ती शिरा झाली. ओवाळताना भाऊ म्हणाला, “ताई, हळदीचं काम करत होतीस का?”

कारण साधं आहे. टॉप कोटमध्ये तेच द्रव असतात जे खालच्या नेलपेंटला पुन्हा विरघळवतात. तेव्हापासून बारीक नक्षी मी नेलपेंटने काढतच नाही. चित्रकलेचा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग घेते. तो वाळला की टॉप कोटला सहसा दाद देत नाही, आणि चुकलं तर ओल्या काडीने लगेच पुसता येतं. नेलपेंटनेच काढायचं असेल तर अर्धा तास थांबा, टॉप कोटचा भरपूर थेंब घ्या आणि तो थेंब नखावर ढकला. ब्रशचे केस नक्षीला लागता कामा नयेत.

जिलबी काढायचीही रीत आहे. उदबत्तीच्या चक्रीसारखी गोल गोल काढलीत तर ती उदबत्तीच दिसते. दोन-अडीच वेढे, थोडे बेंगरूळ, आणि शेवटचा फराटा वेढ्यांवरून आडवा. हलवाई कढईवर हात कसा संपवतो ते एकदा छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत उभं राहून बघा. पाकाची चमक म्हणून फिक्या नारिंगीचा एक ठिपका. कडेला पाकळ्या काढल्यात तर ती इमरती, मग तिला जिलबी म्हणू नका.

बाकीच्या चुका एका दमात सांगते. डोक्याला तेल लावून लगेच नेलपेंटला बसू नका. आधी रिमूव्हरने नखं कोरडी पुसा. भांडी घासून उठल्या उठल्या नको, पाण्याने नख फुगलेलं असतं, आकसलं की रंग टवके सोडतो. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतू नका, नेलपेंटच्या थिनरचे दोन थेंब पुरतात. हेअर ड्रायरची गरम हवा नको. नेलपेंट पेट घेतो, तेव्हा गॅसच्या ओट्यावर हा उद्योग नकोच. आणि एका हातावर पोहे, कचोरी, दहीवडा, भुट्ट्याचा कीस, मालपुवा असा अख्खा सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, मांडू नका. दोन नखांवर पदार्थ, तीन साधी.

जेल नेलपेंट खास दिव्याखालीच कडक होतो. तो दिवा घरी आणून त्यात साधा नेलपेंट वाळवणारीही एक भेटली. साधा नेलपेंट हवेने वाळतो, त्या दिव्याचा त्याला काही उपयोग नाही. आणि खरा जेल घरी लावत असाल तर तो कातडीवर सांडू देऊ नका. कच्च्या राहिलेल्या जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत करते. हेमा नावाचं त्यातलं एक रसायन युरोपीय संघाने फक्त व्यावसायिकांपुरतं ठेवलं आहे, ते उगीच नाही. मी जेल ठेवतच नाही. शेवटी पोहेच काढायचे आहेत.

नेलपेंट उतरवताना खरवडू नका. चिकटवलेली शेव ओढली की नखाचा पापुद्राही निघतो. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवा, वरून पोळीच्या डब्यातली फॉइल गुंडाळा, दहा मिनिटं चहा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

गराडू, म्हणजे आमच्याकडे थंडीत तळून मसाला लावून खातात तो कंद, मात्र मला अजून जमलेला नाही. तपकिरी चौकोन काढले, कडा गडद केल्या, मसाल्याचे ठिपकेही दिले. तीन थंड्या झाल्या, बघणारा प्रत्येक जण विचारतो, “बिस्किटं का?”